डाव जिंकला, पण चाल बरोबर होती का?

गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन पुढाकार मिळवणं. म्हणजे गुंतवणूकच की!

१८५१, लंडन. किझेरित्स्कीविरुद्ध अँडरसन किंग्ज गॅम्बिट खेळला. १८व्या चालीला मधलं प्यादं एक घर सरकवलं असतं तरी डाव हातात होता. त्यानं मात्र उंट सरकवून दोन्ही हत्ती देऊ केले. किझेरित्स्कीनं आधी कोपऱ्यातला हत्ती शह देऊन मारला असता, तर तो झुंजला असता. त्यानं दुसरा मारला. २३व्या चालीला मात!

निकाल चांगला, म्हणून निर्णय चांगला असं नसतं. पहिल्या ऑफरनं गिऱ्हाईक आलं? आता दुसरी सूट देण्याआधी तपासा: नेहमीच्या भावात माल खपतोय का? खपत असेल, तर हत्ती देऊ नका.