जव्हार-मोखाड्यात मुक्काम करायचा असेल तर

पावसाळ्यातल्या शनिवारी अंधार पडल्यावर जव्हारमध्ये खोली शोधत फिरण्याची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे. मुंबई, ठाणे, नाशिक, तिन्हीकडची मंडळी एकाच दिवशी वर येतात. दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट, मुकणे राजांचा जयविलास राजवाडा पाहून होतो आणि मग सगळ्यांनाच खोली हवी असते. लॉज मोजके. मंगळवारी-बुधवारी सहज मिळणारी खोली शनिवारी दुप्पट भावानेही मिळेलच असं नाही. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत मी बराच काळ कमी पैशात राहत, हिंडत आले आहे. इथे मुक्काम स्वस्त पडतो तो घासाघीस करून नाही, तर उजेडात पोचल्याने आणि आधी नीट विचारून घेतल्याने.

एकदा एका लॉजवर माझा फोनवरून भाव ठरला होता. संध्याकाळी पोचल्यावर ‘ती खोली गेली’ असं ऐकवून मागच्या बाजूची खोली दाखवली. भिंतींना ओल, गादी दमट, दाराची आतली कडी निखळलेली. सकाळी बिलात गरम पाण्याचे वेगळे पैसे आणि वर ‘जीएसटी’. आदल्या रात्री शेवटची एसटी निघून गेली होती, त्यामुळे दुसरीकडे जायची सोय नव्हती, आणि हे समोरच्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून दुपारी चारच्या आत पोचा. सामान आत ठेवण्याआधी कडी लावून बघा, नळ सोडून बघा, गादीवर हात फिरवा. गरम पाणी, जादा गादी आणि कर धरून एकूण किती, हे विचारा आणि मेसेजवर लिहून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7500 रुपयांपर्यंत भाड्याच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे. पण नोंदणी नसलेल्या लहान लॉजला कर वसूल करता येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर ती रक्कम देऊ नका. ओळखपत्र मागणं रास्त आहे, मात्र मूळ आधार कार्ड कुणाच्या ताब्यात ठेवू नका. झेरॉक्स द्या आणि तिच्यावर तारीख व कारण लिहा. सरकारी विश्रामगृहाचा बेत असेल तर दुसरी सोयही हाताशी ठेवा. तिथे शासकीय कामाने आलेल्यांचा हक्क पहिला, आणि ऐनवेळी तुमचं आरक्षण रद्द होऊ शकतं.

मोखाड्याकडे, खोडाळ्याच्या किंवा सूर्यमाळच्या बाजूला जाणार असाल तर आधी परतीची गाडी विचारा. नाशिक-त्र्यंबक-मोखाडा-जव्हार हा मोठा रस्ता, त्यावर एसटी मिळते. आतल्या गावांचा हिशोब वेगळा. तिथे मुक्कामी गाडी संध्याकाळी येते, रात्री गावातच थांबते आणि पहाटे निघते. ती चुकली की जीप किंवा पायपीट. पावसात दरड आली तर तीही नाही. वेळापत्रक मोबाइलवर बघण्यापेक्षा आगारात कंडक्टरला विचारा, आणि उतरताना त्याच कंडक्टरकडून उद्याची वेळ पक्की करून घ्या. रेंज जाते, वीजही जाते. रोख पैसे आणि बॅटरी जवळ हवीच.

पाड्यावरच्या घरात राहणं हा इथला सगळ्यात चांगला मुक्काम. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप, वर कौलं, शेणाने सारवलेली जमीन, जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी. पावसाच्या सुरुवातीला शेवळं किंवा कवळीची भाजी. पण जमिनीवर झोपताना एक गोष्ट जिवाशी येऊ शकते. मी एका पाड्यावर होते. घरच्या मावशींनी मच्छरदाणी बांधली आणि तिची कड चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचल्याशिवाय मला झोपू दिलं नाही. मध्यरात्री त्यांनीच बॅटरी मारून दाखवलं, भिंतीच्या कडेने मण्यार चालली होती. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही. खूण दिसत नाही, सूज नसते. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. असं काही जाणवलं तर भगताकडे किंवा झाडपाल्यात वेळ घालवू नका. जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. 108 ला फोन करा, पण पाड्यात जीप उभी असेल तर रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नका. कुठेही राहायला गेलात की रात्री गाडी कुणाकडे मिळेल, हे झोपण्याआधी विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट पाण्याची. पावसाळ्यात इथे धो-धो पाऊस कोसळतो, तरी मार्च उलटला की मोखाड्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर सुरू होतात, बाया हंडे घेऊन विहिरीवर रांगा लावतात. उतार इतका की पाणी थांबत नाही. मुंबईला पाणी पुरवणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे. मुंबईत आपण ज्या पाण्याने अंघोळ करतो, त्यातलं काही इथल्या डोंगरांतून जातं. तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत पाड्यावर राहायला गेलात तर अर्ध्या बादलीत भागवा आणि पिण्याचं पाणी सोबत न्या. शक्य असेल तर त्या दिवसांत पाड्याऐवजी जव्हारातच उतरा.

ऋतूचाही विचार करा. जुलैत भातलावणी असते, घरातला प्रत्येक हात खाचरात गुंतलेला असतो. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं वीटभट्ट्यांवर, भिवंडी-वसईकडे कामाला जातात. होळीच्या सुमारास माणसं गावी परततात, नंतर ठिकठिकाणी बोहाडे रंगतात, मुखवटे नाचतात. पाहुणा म्हणून जायला तो काळ चांगला. पण तेव्हाही आधी निरोप धाडा.

धबधब्यांबद्दल थोडंच सांगते. जुलै 2020 मध्ये जव्हारजवळच्या काळमांडवीच्या धबधब्यावर जव्हारचेच पाच जण बुडाले. जिथे स्थानिकांचा अंदाज चुकतो, तिथे आपण पाण्यात उतरायचंच नाही. पावसाळ्यात प्रशासन मनाई लावतं, ती पाळा. मुक्कामाला आहात, तर घाईचं कारणच नाही. सकाळी गावातल्या माणसाला सोबत घ्या, त्याची मजुरी द्या, आणि तो म्हणेल तिथूनच बघा.

शेवटी पैशांचं. पाड्यावरची माणसं भाव सांगायला लाजतात. ‘द्या काय द्यायचं ते’ म्हणतात, आणि काही प्रवासी त्याचा फायदा घेतात. चार जण जेवून शंभराची नोट ठेवून निघालेले मी पाहिले आहेत. घरात वर्षभर पुरवून खायचे नागली-तांदूळ असतात आणि पाहुण्यासाठी त्यातलेच काढले जातात. म्हणून जाण्याआधीच जेवणाचे, झोपण्याचे, पाण्याचे पैसे माणशी ठरवा आणि घर चालवणाऱ्या बाईच्या हातात द्या. तांदूळ, डाळ, तेल जव्हारच्या बाजारातून घेऊन जा. काटकसर करायचीच असेल तर गाडी भाड्याने न घेता एसटीने जा, एसी खोली नको म्हणा. यजमानाच्या कणगीतून आपला प्रवास स्वस्त करू नका.