रंगो बापूजींच्या वाटेने

लंडन शहर पाहण्यास आमच्यापाशी एकच दिवस होता. एवढ्या वेळात प्रवासी काय पाहतात हे ठरलेलेच आहे. परंतु मी साताऱ्याचा. रंगो बापूजी गुप्ते यांचे नाव लहानपणापासून ऐकत आलेलो. तेव्हा ते ज्या लंडनमध्ये तेराचौदा वर्षे न्याय मागत हिंडले, ते शहर आपण पाहावे, असे मी ठरविले. बरोबरचे स्नेही सांगलीचे. त्यांची अट एकच होती: नदी पाहिल्यावाचून परतायचे नाही.

१८३९ साली ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांस कटाच्या आरोपावरून साताऱ्याच्या गादीवरून दूर केले आणि काशीस पाठविले. आरोप खोटा आहे, हे विलायतेत मांडण्यासाठी महाराजांनी जे वकील धाडले, त्यांपैकी रंगो बापूजी हे एक. येथे वकील म्हणजे न्यायालयात भांडणारा नव्हे, तर राजाचा प्रतिनिधी. ते १८४० साली लंडनला पोचले. त्या वेळी सुएझचा कालवाही नव्हता, मुलांनो!

सकाळी प्रथम ‘टॉवर’ पाहिला. नाव बुरुजाचे असले तरी हा चांगला किल्ला आहे. अजिंक्यतारा पाहिलेल्या माणसास किल्ला म्हटला की डोंगर आठवतो. हा मात्र सपाट भूमीवर, थेम्स नदीच्या काठी उभा आहे. मधल्या शुभ्र वास्तूच्या भिंती तळाशी पंधरा फूट जाड आहेत. आत राजमुकुट ठेवले आहेत आणि त्यांपैकी एकात कोहिनूर हिरा आहे. लोक त्याच्यासमोरून हळूहळू पुढे सरकत होते. ज्या डलहौसीने १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा केले, त्यानेच पुढच्या वर्षी पंजाब घेतला आणि दहा वर्षांच्या दुलीपसिंह महाराजांकडून हा हिरा काढून घेतला. १८५० साली तो लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीस अर्पण झाला, तेव्हा रंगो बापूजी याच शहरात होते. त्यांनी ती वार्ता कोणत्या मनाने ऐकली असेल?

तेथून पायी लेडनहॉल रस्त्यावर आलो. कंपनीचा प्रसिद्ध ‘इंडिया हाऊस’ वाडा येथे होता. मी एका वृद्ध गृहस्थास त्याची जागा विचारली. त्यांनी ते नावही ऐकले नव्हते! कंपनीचा कारभार १८५८ साली संपला आणि १८६१ साली तो वाडा पाडण्यात आला. आज त्या जागी विम्याच्या व्यवसायाची एक अजस्र इमारत आहे. तिचे नळ, जिने आणि लिफ्टसुद्धा भिंतींच्या बाहेर आहेत. पोटातील आतडी बाहेर काढून ठेवावीत तशी. मला ती आवडली नाही, पण तिच्यासमोरून माझा पाय निघेना. याच जागी भागधारकांच्या सभांतून साताऱ्याचा प्रश्न पुनःपुन्हा निघत असे. रंगो बापूजींनी इंग्रजीत अर्ज लिहविले, ते छापून वाटले आणि माणसे जोडली. जॉर्ज टॉमसन यांच्यासारखे इंग्रज वक्ते त्यांच्या बाजूने बोलले. तरीही निकाल बदलला नाही. १८४७ साली महाराज काशीस वारले, पुढच्या वर्षी राज्यही गेले. परंतु हा वकील त्यानंतरही पाच वर्षे लंडन सोडीना.

वाटेत सेंट पॉलचे मंदिर पाहिले. त्याचा घुमट १७१० सालापासून तसाच उभा आहे. एवढे तरी रंगो बापूजींनी आमच्याप्रमाणेच पाहिले असेल.

संध्याकाळी वेस्टमिन्स्टरच्या पुलावर आलो. पार्लमेंटची जुनी वास्तू १८३४ साली जळाली. रंगो बापूजी येथे होते तेव्हा नवीचे बांधकाम चालू होते. जोसेफ ह्यूम या सभासदाने साताऱ्याची बाजू त्या सभागृहात मांडली. तीही व्यर्थ गेली. मनोऱ्यावरील प्रचंड घड्याळाचे ठोके आम्ही ऐकत होतो. ते सुरू झाले १८५९ साली. रंगो बापूजी १८५३ सालीच स्वदेशी परतले होते. १८५७ च्या सप्टेंबरात साताऱ्यास गेंडामाळावर सतरा जणांस देहदंड झाला, त्यांत त्यांचा पुत्र सीताराम होता. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

मी हे सांगत असता स्नेह्यांची दृष्टी पाण्याकडे होती. दर पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी किती फूट चढले ते पाहणारा सांगलीचा मनुष्य. त्याचे डोळे खुणा शोधणारच. थेम्समध्ये दिवसातून दोनदा समुद्राची भरती चढते.

“अहो, मघाशी ती पायरी पाण्याखाली होती,” ते म्हणाले. “पाहा, आता कोरडी झाली.”

ओहोटी लागली होती.