बाणाने मासेमारी

मुलांनो, गळाने आणि जाळ्याने मासे पकडतात, हे तुम्हांला माहीत आहे. पण धनुष्यबाणानेही मासे मारतात, हे तुम्ही ऐकले आहे का?

अमेरिकेच्या यूटा राज्यात यूटा नावाचे मोठे, उथळ सरोवर आहे. सुमारे १८८० नंतर लोकांनी खाण्यासाठी कार्प हा परदेशी मासा तेथे सोडला. तो झपाट्याने वाढला. कार्प अन्नासाठी तळाचा चिखल उकरतो. त्यामुळे पाणी गढूळ होते व पाणवनस्पती उपटल्या जातात. लहान मासे त्यांतच लपतात. हा आसरा गेल्याने ‘जून सकर’ हा मासा नाहीसा होऊ लागला. तो मूळचा फक्त याच सरोवरातला! १९८६ मध्ये सरकारने त्याला संरक्षण दिले.

२००९ पासून मोठ्या जाळ्यांनी कार्प काढू लागले. लोकांनाही बाणाने कार्प मारण्याची परवानगी आहे. या बाणाला दोरी बांधलेली असते. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो, म्हणून मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. त्यामुळे नेम थोडा खाली धरावा लागतो.

जाळ्यात चुकून आलेला मासा परत सोडता येतो. बाण लागलेला मासा मात्र सोडून उपयोग नसतो. म्हणून मासा नीट ओळखूनच बाण सोडावा.

मासे सोडणे सोपे, काढणे कठीण! घरातील काचपेटीतले मासे तुम्ही तलावात कधीही सोडू नका.

शब्दार्थ : गढूळ – मातकट, आसरा – निवारा, नेम – निशाण.

प्रश्न : बाण सोडण्यापूर्वी मासा का ओळखावा?