‘चंचल’ : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग



‘मुलगा हुशार आहे, पण चंचल आहे,’ हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. शब्द नेहमीचा असला म्हणजे त्याचा अर्थ तपासण्याची गरज आपल्याला वाटत नाही. परंतु हा शब्द चुकीच्या ठिकाणी वापरला तर माणसावर अन्याय होतो, आणि कधीकधी एका संपूर्ण समाजावरही होतो. म्हणून प्रस्तुत लेखात या एकाच शब्दाचा विचार करावयाचा आहे.

‘चल्’ म्हणजे हालणे. या धातूची पुनरावृत्ती होऊन ‘चंचल’ शब्द झाला. पुन्हा पुन्हा हालणारा, एका जागी न टिकणारा, असा त्याचा अर्थ. चाल, चालू, चलन, अचल, निश्चल हे सारे याच कुळातील शब्द होत. आम्हा बँकेतील माणसांना तर ते रोजच भेटतात. नोट या हातातून त्या हातात जाते म्हणून ते चलन. तेथे फिरणे हा दोष नसून गुण आहे. म्हणजेच हालचाल मुळात वाईट नाही. ती कशासाठी आहे, हे पाहावे लागते.

‘चपळ’ हा शब्द ‘चंचल’च्या अगदी जवळचा वाटतो, पण मराठीत चपळ ही स्तुती आहे आणि चंचल ही तक्रार आहे. आपल्या धाराशिवला खो-खोची मोठी परंपरा आहे. येथील सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. या खेळाचा नियम पाहा. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत त्याला मागे वळता येत नाही. नाहीतर बसलेल्या गड्याला खो द्यावा लागतो. पाय चपळ हवेत, पण घेतलेली दिशा मोडता कामा नये. चपळ आणि चंचल यांतील फरक यापेक्षा सोपा करून सांगता येणार नाही.

पाली वाचताना मात्र सावध राहावे. धम्मपदात २६ वग्ग व ४२३ गाथा आहेत. त्यांतील तिसरा चित्तवग्ग असून त्याच्या पहिल्याच गाथेत चित्ताला ‘चपल’ हे विशेषण लावले आहे. मराठी वाचकाला ती स्तुती वाटेल, पण तेथे अर्थ चंचल असाच आहे. बाण करणारा कारागीर वाकडा बाण सरळ करतो, तसे शहाण्याने चित्त सरळ करावे, असा त्या गाथेचा आशय आहे. चित्ताच्या अस्वस्थपणाला पालीत ‘उद्धच्च’ म्हणतात आणि पाच नीवरणांत त्याची गणना होते. याच्या उलट ‘अधिट्ठान’ म्हणजे दृढ निश्चय. दहा पारमितांपैकी ती एक आहे.

येथे एक शंका येते. सर्व काही अनित्य आहे असे तथागत सांगतात, मग मन बदलले तर बिघडले कोठे? उत्तर असे की, अनित्यता हा सृष्टीचा नियम आहे आणि चंचलता ही मनाची सवय आहे. संस्कृतात पृथ्वीला ‘अचला’ म्हणतात. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातील सास्तूर परिसरात ही अचलाच हादरली. ती अनित्यता होती. त्यानंतर ज्यांनी आप्तांच्या दुःखातून उठून पुन्हा घरे उभी केली, मुलांना पुन्हा शाळेत घातले, त्यांच्या ठिकाणी होते ते अधिट्ठान.

दुसरा गैरसमज आपल्याला अधिक जवळचा आहे. ‘धर्म बदलणारी माणसे चंचल असतात,’ असे काही जण बोलतात. आपण रागावून न जाता त्यांच्यापुढे दोन तारखा ठेवाव्यात. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे गेली. या काळात त्यांचा अभ्यास व चिंतन चालू होते. १९५० साली ते श्रीलंकेला आणि १९५४ साली ब्रह्मदेशाला बौद्ध परिषदांसाठी जाऊन आले. निर्णयाला एकवीस वर्षे देणाऱ्याला चंचल म्हणणे म्हणजे शब्दाचाच अपमान होय. तो बदल होता, पण चंचलपणा नव्हता.

‘चळवळ’ या शब्दाचीही हीच गंमत आहे. लहान मूल एका जागी बसत नाही, तीही चळवळ. आणि समाज एका ध्येयासाठी उठतो, तीही चळवळच. ध्येय सुटले की दुसरीची पहिली होण्यास वेळ लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, अभ्यासक्रम बदलावासा वाटला तर अवश्य बदला. मात्र आधी स्वतःला विचारा, बदलामागे विचार आहे की कंटाळा? विचार असेल तर लोकांच्या बोलण्याला भिऊ नका. कंटाळा असेल तर थोडे थांबा. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण कंटाळ्याने बदलणाऱ्यासाठीच आहे. आणि पालकांनीही मुलाला चंचल म्हणण्यापूर्वी त्याला एकदा तरी कारण विचारावे.