डॉ. वसंत शंकर हुजूरबाजार : कोल्हापूरचे संख्याशास्त्रज्ञ आणि आपल्या मुलांचे मार्क



गणितज्ञ म्हटलं की आपली मुलं भास्कराचार्य, रामानुजन अशी नावं पटापट सांगतात. पण आपल्याच कोल्हापूरचे डॉ. वसंत शंकर हुजूरबाजार हे नाव फारसं कुणाला माहीत नसतं. त्यांची ओळख करून द्यावी आणि त्यांच्या विषयातली एक कल्पना आपल्या वर्गात कशी उपयोगी पडते तेही सांगावं, म्हणून आजचा हा पाठ.

जीवनपरिचय

हुजूरबाजारांचा जन्म 15 सप्टेंबर 1919 चा. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेले. तिथे त्यांना सर हॅरॉल्ड जेफ्रीझ हे मार्गदर्शक लाभले. जेफ्रीझ हे भूकंपलहरींचे मोठे अभ्यासक, आणि हाती असलेल्या पुराव्यावरून अंदाज कसा बांधावा याचेही जाणकार. त्यांच्या हाताखाली हुजूरबाजारांनी 1949 साली पीएच.डी. मिळवली.

1953 साली पुणे विद्यापीठात ते संख्याशास्त्र विभागाचे संस्थापक प्रमुख झाले आणि 1976 पर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. विद्यापीठ तेव्हा अगदी नवीन होतं. 1960 साली केंब्रिजचं मानाचं अ‍ॅडम्स पारितोषिक त्यांना मिळालं. 1974 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवलं. पुढच्या काळात ते अमेरिकेत डेन्व्हर विद्यापीठात शिकवत होते. 15 नोव्हेंबर 1991 रोजी त्यांचं निधन झालं. स्नेहलता आणि अपर्णा या त्यांच्या दोन्ही मुलींनीही संख्याशास्त्राचाच मार्ग धरला.

आणखी एक नातं मुलांना आवर्जून सांगा. 1938 साली कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर हे त्यांचे भाचे. नारळीकरांचे दुसरे एक मामा, ज्यांना ते मोरूमामा म्हणत, घरातल्या फळ्यावर लहानग्या जयंतसाठी एखादं कोडं लिहून ठेवायचे. ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत कोडं तिथेच असायचं. पालकांनो, फळा आणि खडू यापेक्षा जास्त खर्च त्यात नव्हता!

त्यांनी नेमकं काय केलं?

संख्याशास्त्र म्हणजे थोड्यावरून सगळ्याचा अंदाज. आपल्या हुपरीत हे समजावणं सोपं आहे. चांदीच्या लगडीचा टंच बघायचा असेल तर सगळी लगड कुणी संपवत नाही, थोडासा नमुना काढतात. त्या नमुन्यावरून पूर्ण लगड किती शुद्ध ते कळतं. पण त्याच नमुन्यावरून लगडीचं वजन कळेल का? नाही कळणार. म्हणजे नमुना एका प्रश्नाला पुरतो, दुसऱ्या प्रश्नाला पुरत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1922 साली रोनाल्ड फिशर या इंग्रज शास्त्रज्ञाने दोन कल्पना मांडल्या. पहिली अशी : जे आपल्याला दिसलं, ते ज्या अंदाजात सगळ्यात सहज घडू शकेल तो अंदाज निवडायचा. दुसरी कल्पना पुरेशा सारांशाची : सगळी माहिती जपून न ठेवता तिचा असा सारांश काढायचा की आपल्या प्रश्नापुरतं त्यातून काहीच हरवणार नाही.

पहिल्या पद्धतीत एक अडचण होती. समीकरण सोडवल्यावर कधी कधी एकापेक्षा जास्त उत्तरं येतात, मग खरं कुठलं धरायचं? हुजूरबाजारांनी 1948 साली दाखवून दिलं की काही अटी पाळल्या गेल्या तर, नमुना वाढत जाईल तसं खऱ्या किमतीकडे नेणारं उत्तर एकच असतं आणि तेच आपल्याला हवं असलेलं उत्तर असतं. पुरेशा सारांशावर तर त्यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांचं 1976 साली निघालेलं पुस्तकही त्याच विषयावर आहे.

वर्गात घ्यायचा उपक्रम (इयत्ता 5 वी पासून पुढे)

साहित्य : एक कापडी पिशवी, लाल आणि पांढरे मणी.

1. मुलांना न दाखवता पिशवीत 4 मणी टाका. लाल 1, 2 किंवा 3 असू शकतात एवढंच सांगा.
2. एका मुलाला न बघता मणी काढू द्या. रंग फळ्यावर लिहा, मणी परत पिशवीत टाका, पिशवी हलवा. असं तीन वेळा करा.
3. समजा लाल, लाल, पांढरा असं आलं. आता विचारा, "पिशवीत लाल किती असतील?"

प्रत्येक वेळी 4 पैकी कुठलाही मणी येऊ शकतो, म्हणून एकूण प्रकार 4 × 4 × 4 = 64. त्यापैकी 'लाल, लाल, पांढरा' किती प्रकारांनी येईल ते बघू.

लाल 1 असेल तर : 1 × 1 × 3 = 3
लाल 2 असतील तर : 2 × 2 × 2 = 8
लाल 3 असतील तर : 3 × 3 × 1 = 9

सगळ्यात मोठी संख्या 9, म्हणून अंदाज 'लाल 3'. पण 8 सुद्धा अगदी जवळ आहे! म्हणून खात्री नाही, अजून मणी काढून बघायला हवेत. "उत्तर आलं, पण अजून तपासू" हे म्हणायला शिकणं हाच या उपक्रमाचा गाभा.

आता क्रम बदला : लाल, पांढरा, लाल. गुणाकार पुन्हा करा. उत्तरं तीच, 3, 8 आणि 9. म्हणजे क्रम लिहून ठेवायची गरजच नाही. 'तीनपैकी दोन लाल' एवढं पुरतं. हाच पुरेसा सारांश.

पण तुम्ही विचारलंत, "पहिला मणी कुठला होता?" तर तो सारांश लगेच अपुरा पडतो. आपल्या चांदीच्या नमुन्यासारखंच!

मग 20 पैकी 14 पुरेसे आहेत का?

आता आपल्या कामाकडे येऊ. चाचणी झाली की घरी पहिला प्रश्न असतो, "किती पडले?" समजा दोन मुलांना 20 पैकी 14 पडले. पहिल्याची चुकलेली सहाही गणितं हातच्याच्या वजाबाकीची आहेत. दुसऱ्याने जेवढी सोडवली तेवढी सगळी बरोबर, फक्त शेवटची सहा वेळेअभावी राहून गेली. पहिल्याला दशक सोडवून एकक करणं काड्यांचे गठ्ठे घेऊन पुन्हा शिकवायला पाहिजे. दुसऱ्याला तेच शिकवत बसलो तर त्याचा वेळ वाया जाईल, त्याला वेगाचा सराव हवा.

वर्गाची यादी करायला 14 हा आकडा चालेल. उद्या या मुलाला काय शिकवायचं, या प्रश्नाला तो पुरत नाही. आकडा खोटा नाही, पण आपल्या कामाची माहिती त्यातून गळून गेलेली असते.

यासाठी वेगळा तक्ता भरायची गरज नाही. शिक्षकांनी पेपरवर एकूण गुणांखाली तीन छोटे आकडे लिहावेत : किती बरोबर, किती चुकली, किती सोडवलीच नाहीत. चुकलेल्यांपुढे प्रकार एका शब्दात लिहावा, जसं 'हातचा', 'पाढा', 'वाचन'. पालकांनीही "किती पडले?" विचारल्यावर आणखी एक विचारावं, "कुठली गणितं राहिली रे बाळा?" शेजारच्या मुलाशी तुलना त्यानंतर करावीशीच वाटणार नाही.

किती माहिती पुरेशी, याचं गणित हुजूरबाजारांनी आयुष्यभर मांडलं. आपल्याला एवढी मोठी समीकरणं सोडवायची नाहीत. पण मुलाच्या पेपरवरचा आकडा बघताना हा आकडा कुठल्या प्रश्नाला पुरतो आणि कुठल्या नाही, एवढं स्वतःला विचारणं आपल्या हातात आहे.

मण्यांचा उपक्रम वर्गात किंवा घरी नक्की घेऊन बघा. मणी नसतील तर दोन रंगांची बटणं घ्या, मात्र हाताला कळणार नाही अशा सारख्या आकाराच्या वस्तू निवडा. आणि मुलांना सांगायला विसरू नका की या विषयात जगभर नाव कमावलेला माणूस आपल्या कोल्हापूरचा होता.