दम खा जरा

काल फोनवर रडवेली झालीस. "ताई, पर्वतीच्या निम्म्या पायऱ्यांतच छाती फुटायला आली, माझ्यात दमच नाही गं!" अगं वेडे, 103 पायऱ्या, आणि पहिल्याच आठवड्यात तू त्या पळत चढायला निघालीस? मीही हेच केलं होतं. वर पोचल्यावर देवदेवेश्वर राहिला बाजूला, डोळ्यांपुढे काजवे.

दम नव्हता असं नाही, तू दमाला वेळच दिला नाहीस. बसल्याजागी हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त फिरवतं. चढायला लागलीस की ठोकेही वाढतात आणि दर ठोक्याला जास्त रक्तही बाहेर पडतं. पण आपल्यासारख्या सराव नसलेल्यांची ही दुसरी सोय साधारण निम्म्या जोरालाच संपते. पुढे नुसते ठोकेच वाढवायचे. त्यातून मिनिटाला 15-20 लिटरपर्यंत मजल जाते आणि त्यातलं बहुतेक रक्त पायांकडे वळतं. पोटाच्या वाट्याला उरतं थोडंसं. म्हणून पोहे हाणून चढलं की मळमळतं, कळलं?

आता तुझी ती धाप. तुला वाटलं, ऑक्सिजन कमी पडला. धडधाकट माणसाच्या रक्तात अशा वेळीही ऑक्सिजन जवळजवळ नेहमीइतकाच असतो. खरी भानगड वेगळीच. सावकाश चालताना स्नायू चरबी आणि साखर दोन्ही जाळतात. जोर वाढला की साखरेवर भर येतो, आणि एका टप्प्यानंतर ती इतक्या झपाट्याने जळते की रक्तात आम्ल साचायला लागतं. रक्तातला बायकार्बोनेट, म्हणजे आपल्या खायच्या सोड्यातलाच, ते आम्ल मारतो आणि त्यातून आणखी कार्बन डायऑक्साइड निघतो. तो बाहेर टाकायला छाती भात्यासारखी हलते. म्हणजे ती धाप हवा आत घ्यायची कमी आणि बाहेर फेकायचीच जास्त!

हा टप्पा ओळखायला हातातलं घड्याळ नको. 220 वजा वय हा नुसता अंदाज; माणसागणिक त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यापेक्षा चढताना रामरक्षा म्हण. श्लोक सलग आला तर ठीक चाललंय. मध्येच श्वास घ्यावा लागला तर टप्पा जवळ आला. शब्दच फुटेना, तर तू तो केव्हाच ओलांडलास. निदान दीड-दोन महिने बहुतेक दिवस त्या टप्प्याच्या अलीकडेच राहा. रोज जीव काढणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात, तिसऱ्या आठवड्यात त्या दिसत नाहीत.

वर पोचल्यावर मटकन बसू नकोस. पोटऱ्या रक्त वर ढकलतात. त्या एकदम थांबल्या की रक्त पायातच साचतं आणि गरगरतं. माझे काजवे त्यातलेच होते. दोन-तीन मिनिटं रमतगमत फिर.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर त्याचं खापर लॅक्टिक आम्लावर फोडू नकोस. ते तासाभरात ओसरतं, वर हृदय त्याचं इंधनही करतं. मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतरण्याने. प्रत्येक पायरीला अंगाचं वजन तोलताना स्नायू ताणले जातात, त्यांचे बारीक धागे दुखावतात. दोन-तीन दिवसांत उतरेल.

आणि हे मात्र टाळायचं नाही: हिमोग्लोबिन तपासून घे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. रक्तच ऑक्सिजन कमी वाहत असेल तर चार पायऱ्यांतच धाप लागते, आणि आपण मात्र स्वतःला आळशी म्हणत बसतो. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांब आणि डॉक्टरकडे जा. मला फोन नंतर कर.

रविवारी सहाला पायथ्याशी ये. येताना अर्धं केळं खा. पोहे उतरल्यावर, माझ्याकडून.