हृदयाला जपा, पण खुर्चीत बसवू नका



मागे मी दोन महिने लेकीकडे जर्मनीत, स्टुटगार्टला होते. तिच्या शेजारी ७८ वर्षांचे एक आजोबा राहतात. त्यांना हार्ट अटॅक येऊन गेलेला. तरी दर मंगळवारी संध्याकाळी खांद्याला पिशवी अडकवून बाहेर पडत. "कुठे जाता?" म्हणून लेकीकरवी विचारले, तर म्हणाले, "व्यायामाला. तुम्हीही या बघायला."

गेले. शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये पंधरा-वीस जण, सगळे हृदयाचे रुग्ण. कोणाला स्टेंट, कोणाची बायपास. आधी प्रत्येकाची नाडी आणि रक्तदाब पाहिला. मग हातपाय मोकळे करणे, चेंडू झेलणे, तोल सांभाळणे, हॉलभर फेऱ्या. मध्येच पुन्हा नाडी. कोपऱ्यात डॉक्टर बसलेले, जवळ हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र. याला तिथे 'हेर्त्सग्रुप्पे', म्हणजे हृदयगट म्हणतात. पहिला गट १९६५ साली स्टुटगार्टजवळच्याच शोर्नडॉर्फ गावात सुरू झाला. आज देशभर असे हजारो गट आहेत. डॉक्टर चिठ्ठी देतात आणि खर्च आरोग्य विमा उचलतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही नर्सिंग शिकलो तेव्हा हार्ट अटॅकच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर ठेवत. ते माझ्या मनात इतके बसले होते की पुढे माझ्याच यजमानांना अटॅक आला, तेव्हा डॉक्टर "रोज थोडे चालवा" म्हणत असतानाही मी त्यांना पाण्याचा पेला उचलू दिला नाही. त्यांचे पाय बारीक झाले, जिना उतरायची हिंमत गेली. दोन वर्षांनी ते गेले. चालले असते तर वाचले असते, असे मी म्हणणार नाही. पण होते तेवढे दिवस ठाण्याच्या तलावपाळीवर माझ्याबरोबर फिरले असते. म्हणून हा लेख.

हृदय हा स्नायू आहे. शरीराला चालायची सवय असली की तेच काम हृदय कमी ठोक्यांत करते. रक्तदाब उतरतो, साखर वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा चाला. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका वेग पुरे. अटॅक किंवा ऑपरेशन झालेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आता जेवण. आपण शनवार तेल्यांची लेकरे, तेल आपल्या हाताला सैल सुटते! बाटली थेट कढईत ओतू नका, चमच्याने मोजून घाला. सणाचा मलिदा, चिक्याचा हलवा जरूर खा, पण बेताने. रोजच्या रश्श्यात मात्र नारळाचे घट्ट दूध नको. त्यातली चरबी रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवते. त्याऐवजी कांदा, टोमॅटो, चिंच यांनी रस्सा दाट करा. जर्मन लोक राईचा काळा, कोंड्यासकट पाव खातात. आपली ज्वारी-नाचणीची भाकरी आणि वालाचे बिरडे त्याच गुणाचे आहे.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पाव, चीज, लोणचे, पापड, सुकी मासळी यांतले मीठही त्यातच धरायचे. आणखी एक गोष्ट आपल्या घरांत लक्षात येत नाही. कोशेर मटण भिजवून, तासभर मिठात ठेवून मग धुतात. धुतले तरी थोडे मीठ आत राहतेच. म्हणून मटणाच्या रश्श्यात आधी चव पाहा, मगच मीठ घाला.

छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, दम लागणे, यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबा. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसता थकवा किंवा मळमळ होते. "पित्त असेल" म्हणून वाट पाहू नका. भारतात १०८, इस्राएलमध्ये १०१, जर्मनीत ११२ ला लगेच फोन करा.

त्या आजोबांना मी विचारले, "इतकी वर्षे नेमाने कसे जाता?" ते हसले, "नाही गेलो तर बाकीचे फोन करतात!" खरे औषध हेच. आपल्याकडे असा गट नसेल, तर चौघे जण मिळून डॉक्टरांना विचारून संध्याकाळी फिरायला लागा. आणि एखादा आला नाही, तर त्याला फोन करा.